पाखरे, बंदूक आणि परवानगी : क्वीन्सटाउनचा एक इतिहास

उभ्या पिकावर उतरणारी कबुतरे मारायची असतील तर परवानगी कोणाची घ्यायची, याचे इंग्लंडमधील उत्तर ठरलेले आहे : शेतकऱ्याची. तेथील १९८१ च्या वन्यजीव कायद्यात जमिनीचा मालक, ती जमीन कसणारा आणि या दोघांनी ज्याला मुभा दिली असेल तो माणूस, अशांना ‘अधिकृत व्यक्ती’ मानले आहे. रानकबुतरांचे थवे वाटाणा, कोबी आणि मोहरीच्या जातीच्या पिकांवर बसतात. बंदूकवाला हौशी शिकारी शेतकऱ्याला भेटतो, बांधावर जाळीचा आडोसा उभा करतो आणि समोर नकली कबुतरे मांडून खऱ्यांची वाट पाहतो. शेतकऱ्याचे पीक वाचते, शिकाऱ्याची हौस भागते. या व्यवहारात सरकारचा परवाना लागतोच, पण शेतात पाय ठेवायचा तर शब्द शेतकऱ्याचाच चालतो. सिंगापूरमध्ये याच इंग्रजांनी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ राज्य केले, तरी ही रीत तेथे रुजली नाही. तिचे काय झाले हे पाहायला क्वीन्सटाउनसारखी जागा नाही, कारण तेथे मळे होते, गाव होते, पलटणी होत्या आणि मग एका पिढीच्या आत सगळ्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या.

क्वीन्सटाउन हा सिंगापूर शहराच्या पश्चिमेचा भाग. टेकड्या, त्यांच्यामधली दलदलीची खोरी, एका बाजूला टँगलिन आणि दुसऱ्या बाजूला अलेक्झांड्रा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेटावरचा बराच मुलूख गँबियर आणि मिरीच्या लागवडीखाली होता. गँबियरची पाने उकळून त्यांचा काताच्या वडीसारखा अर्क काढत. तो कातडी कमावायला आणि रंगकामाला लागे. उकळायला सरपण हवे, म्हणून मळ्याभोवतीचे जंगल तुटत जाई आणि दहा-पंधरा वर्षांत जमिनीचा कस गेला की चिनी मळेवाला पुढचे जंगल धरी. मळा म्हणजे जंगलात खोदलेली खाच असे. पिकावर येणाऱ्या पाखरांपेक्षा कामगारांवर झडप घालणाऱ्या वाघांची चिंता त्याला मोठी होती.

पीक आणि बंदूक यांच्या संबंधाची सिंगापुरातली पहिली मोठी गोष्ट वाघांचीच आहे. १८३० च्या दशकापासून गँबियरच्या मळ्यांत मजूर मारले जाऊ लागले. रोज एक माणूस जातो, असा आकडा तेव्हाच्या गोऱ्या मंडळींच्या तोंडी असे. तो मोजून काढलेला नव्हता, भीतीने फुगवलेला होता, हे आज उघड दिसते. मळेवाले मात्र मृत्यू लपवत, कारण बातमी फुटली की मजूर पळत. सरकारने वाघाच्या डोक्यावर इनाम लावले आणि व्यापाऱ्यांची भर पडून ते शंभर डॉलरपर्यंत गेले. इनाम लावले म्हणजे परवानगीचा प्रश्नच उरला नाही. ज्याच्याकडे बंदूक, सापळा किंवा खड्डा खणण्याची ताकद असेल त्याने यावे. मळेवाल्याला विचारण्याचे कारण नव्हते. त्याची जमिनीवरची पकड कागदावर कच्ची होती आणि शिकार करणारा त्याच्यावर उपकारच करत होता.

इनामाने भागले नाही तेव्हा १८५९ च्या सुमारास सरकारने कैद्यांच्या टोळ्या बंदुका देऊन वाघांमागे पाठवल्या. हे कैदी हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर आलेले होते. १८२५ पासून १८७३ पर्यंत सिंगापुरात हिंदी कैद्यांची वसाहत होती. बंगाल आणि मद्रास इलाख्यांबरोबर मुंबई इलाख्यातूनही माणसे तेथे जात. रस्ते, पूल, सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल ही त्यांची कामे सर्वांना माहीत आहेत, वाघाच्या मागावर जंगलात शिरलेल्या टोळ्या कमी जणांना माहीत असतात. ज्यांना मायदेशी पाठवायचे नाही असे सरकारने ठरवले होते, त्यांच्याच हातात त्याने मळेवाल्यांच्या रक्षणासाठी बंदूक दिली. जमीन कसणारा, तिचा मालक आणि तिच्यावर बंदूक चालवणारा हे तिघे पहिल्यापासूनच एकमेकांना अनोळखी होते.

गँबियरच्या पाठोपाठ जायफळ आले. १८३० ते १८५० च्या दशकांत टँगलिन, क्लेमोर, ऑर्चर्ड या भागांत गोऱ्या मळेवाल्यांनी जायफळाच्या बागा लावल्या. इथे कबुतराचा प्रवेश होतो. पूर्वेकडच्या बेटांवरची मोठी फळखाऊ कबुतरे, ज्यांना इंग्रजीत जायफळाची कबुतरे असेच म्हणत, पिकून फुटलेले जायफळ अख्खे गिळतात. वरची लाल जायपत्री पचते, बी जसेच्या तसे बाहेर पडते. आल्फ्रेड रसेल वॉलेसने बांदा बेटांवरच्या कबुतरांबद्दल हे नोंदवले आहे. तोच वॉलेस १८५४ मध्ये सिंगापुरात उतरून बुकित तिमाच्या टेकडीवर किडे गोळा करत होता. बांदामध्ये हे पाखरू मळेवाल्याचा चोर आणि झाडाचा माळी दोन्ही होते. सिंगापूरच्या बागांना मात्र रोगाने खाल्ले. १८६० पर्यंत बहुतेक बागा उजाड झाल्या आणि माउंट हॅरिएटवरच्या जायफळाच्या बागेच्या जागी टँगलिनच्या लष्करी बराकी उभ्या राहिल्या. जिथे कबुतरांनी येऊन पीक खायचे, तिथे बंदुका आल्या आणि पीक गेले.

मलय लोक कबुतर धरत ते बंदुकीशिवाय. हिरव्या रंगाचे, गळ्यावर गुलाबी छटा असलेले कबुतर मलय भाषेत पुनाई. संध्याकाळी ही पाखरे थव्याने खारफुटीत किंवा बेटांवर रात्रीच्या मुक्कामाला जातात. वॉल्टर स्कीटने १९०० मध्ये छापलेल्या मलय जादूटोण्यावरच्या ग्रंथात पुनाई धरण्याची रीत तपशिलाने दिली आहे. पारधी डहाळ्यांचा आडोसा करून आत बसतो. त्याच्याजवळ बांबूची लांब नळी असते. ती फुंकली की पुनाईच्या घुमण्यासारखा आवाज निघतो. बाहेर बांधलेले पाळीव पाखरू आणि आतला हा आवाज, दोन्हींना भुलून रानातली कबुतरे जवळ येतात आणि फासात सापडतात. बसण्याआधी म्हणायचे मंत्रही ठरलेले होते आणि त्यांत पाखरांना महालात येण्याचे निमंत्रण दिलेले असे. परवानगी तिथेही मागितली जाई, फक्त ती जमिनीच्या मालकाकडे नव्हे, रानाच्या आणि पाखरांच्या अधिपतीकडे. आडोसा आणि नकली पाखरू ही इंग्लंडच्या शेताच्या बांधावरची युक्तीही हीच, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

गोऱ्यांची शिकार वेगळ्या वळणाची होती. भातखाचरे आणि दलदलीत पाणलावे, खारफुटीच्या कडेला पुनाई, कधी बेटांवर मोठी पांढरी कबुतरे. बंदूकवाले सूर्यास्ताला होडीत किंवा झाडाखाली उभे राहत आणि मुक्कामाला जाणाऱ्या थव्यावर बार टाकत. पाखरांच्या रक्षणाचा पहिला कायदा स्ट्रेट्स सेटलमेंट्समध्ये १८८४ साली झाला. त्यामागे पिकांची चिंता नव्हती, टोपीवर खोवायच्या पिसांसाठी चाललेली कत्तल होती. १९०४ च्या कायद्याने तो वाढवून जनावरांनाही लागू केला. या कायद्यांनी काय मारायचे आणि केव्हा मारायचे एवढे सांगितले. कोणाच्या जमिनीवर, हा प्रश्न त्यांच्यात गौण राहिला.

विलायतेत हाच प्रश्न तेव्हा पेटलेला होता. तिथे जमीन जमीनदाराची, कसणारा कूळ आणि शिकारीचा हक्क बहुधा जमीनदाराने स्वतःकडे राखलेला. कुळाच्या पिकावर जमीनदाराचे ससे चरत आणि त्याला हात लावता येत नसे. १८८० च्या कायद्याने प्रथमच कसणाऱ्याला ससे मारण्याचा असा हक्क दिला की जो कराराने काढून घेता येत नाही. शेतकऱ्याच्या परवानगीला आज जी किंमत आहे तिचे मूळ या भांडणात आहे. ती कोणी प्रेमाने दिलेली नाही. पुढे १९४७ च्या शेती कायद्याने कबुतरांसारख्या उपद्रवी पाखरांचा बंदोबस्त करा, असा हुकूम शेतकऱ्याला सोडण्याची सोय केली. म्हणजे हक्काबरोबर जबाबदारीही आली.

वसाहतींत गेलेला इंग्रज हे भांडण बरोबर घेऊन गेला नाही. गोरे शिपाई सुटीच्या दिवशी छावणीबाहेर पडत आणि दिसेल त्या पाखरावर बंदूक चालवत. हिंदुस्थानात मोर, कबुतर, माकड यांना गावकरी जपत असल्याने त्यावरून मारामाऱ्या होत आणि माणसेही मरत. विसाव्या शतकाच्या आरंभी, कर्झनच्या कारकिर्दीत, शिपायांच्या शिकारीचे नियम कडक करावे लागले. पण या प्रश्नाने खरी आग लावली ती इजिप्तमध्ये. १३ जून १९०६ रोजी नाईलच्या मुखप्रदेशातील दिनशवाय या गावी पाच इंग्रज अधिकारी कबुतरे मारायला गेले. ती रानातली पाखरे नव्हती. गावकऱ्यांनी मातीच्या मनोऱ्यांत पाळलेली होती, मांसासाठी आणि खतासाठी. ज्यांची होती त्यांना कोणी विचारले नव्हते. खळ्यावर आग लागली, छऱ्यांनी एक बाई जखमी झाली, गावकरी धावून आले. झटापटीतून निसटलेला एक कॅप्टन भर उन्हात छावणीकडे पळताना उष्माघाताने मेला. खास न्यायालयापुढे ५२ जणांना उभे केले आणि पंधरवड्याच्या आत चौघांना त्यांच्याच गावात, गावकऱ्यांसमक्ष फाशी दिले. इतरांना तुरुंग आणि फटके झाले. बर्नार्ड शॉने त्यावर लिहिले, पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले आणि पुढच्याच वर्षी इजिप्तमधला ब्रिटिश प्रतिनिधी लॉर्ड क्रोमर पायउतार झाला. शेतकऱ्याला विचारल्यावाचून कबुतर मारण्याची एवढी मोठी किंमत इतिहासात दुसरीकडे क्वचितच मोजली गेली असेल.

सिंगापुरात असे काही घडले नाही. त्याचे एक कारण तिथल्या शेतीत आहे. आज जिथे क्वीन्सटाउन आहे तिथल्या खोऱ्यात, होंग लिम आणि होंग यिन या दोन टेकड्यांच्या मध्ये, बोह बेह कांग नावाचे चिनी खेडे होते. वस्ती होक्कियन आणि तिओच्यू लोकांची. भोवती रबराचे मळे. अशा खेड्यांचा संसार भाजीचे वाफे, डुकरे आणि कोंबड्या यांवर चाले. ज्वारी-बाजरीसारखे कणसाचे पीक नाही, हरभऱ्याचे रान नाही, खळे नाही. इथल्या कबुतराला हवा दाणा आणि मळ्यात होती पालेभाजी. त्यामुळे कबुतर हा या मळेवाल्याचा पहिल्या नंबरचा शत्रू कधी झालाच नाही. पाखरे हाकलायला डबे वाजवणे, दोरीला चिंध्या बांधणे, जाळी टाकणे एवढे पुरे होई.

दुसरे कारण बंदुकीत आहे. या मळेवाल्याकडे ती नव्हती आणि असती तर त्याची धडगत नव्हती. जून १९४८ मध्ये मलायात आणीबाणी पुकारली गेली. कम्युनिस्टांच्या बंडामुळे बिनपरवाना हत्यार बाळगणाऱ्याला थेट फाशीची तरतूद झाली. चिनी शेतकरी तर बंडखोरांचा पाठीराखा म्हणूनच संशयात होता. त्याला पीकरक्षणासाठी बंदूक देण्याचा विचार सरकारच्या डोक्यात येणे शक्य नव्हते.

कोकणातला शेतकरी या बाबतीत सुदैवी ठरला. १९५९ च्या भारतीय शस्त्र कायद्यात, १९ व्या शतकापासून चालत आलेल्या रिवाजाला धरून, खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असे स्पष्ट लिहिले आहे. ठासणीने भागत नाही असे परवाना देणाऱ्याला पटले तरच दुसरी बिनआट्यांची बंदूक. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत हे परवाने आजही घरोघर सांभाळलेले दिसतात. बंदूक भरणे हे सावकाश काम. नळीत दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा गजाने ठासायचा, मग छरे, मग पुन्हा बोळा, आणि शेवटी घोड्याखाली टोपी चढवायची. एक बार उडाला की पुन्हा भरेपर्यंत वानरांची टोळी शेजारच्या बागेत पोचलेली असते. निवडणूक आली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येतो आणि नेमक्या त्याच दिवसांत काजू-आंब्यावर वानरे उतरलेली असतात. ही तक्रार कोकणात जुनी आहे. तरीही तिथे परवाना शेतकऱ्याच्या नावाचा असतो. बोह बेह कांगच्या मळेवाल्याच्या नावावर बंदूक सोडा, बहुधा जमीनही नसे. सिंगापुरातले असंख्य मळेवाले एकतर कोणाच्या तरी जागेवर भाडे भरून राहत किंवा सरकारी जमिनीवर तात्पुरत्या वहिवाटीचा परवाना घेऊन. जो स्वतःच परवान्यावर उभा आहे, त्याने दुसऱ्याला परवानगी ती काय द्यायची?

१९५० च्या दशकाच्या आरंभी सिंगापूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने या खोऱ्यात नवे उपनगर बांधायला घेतले. १९५३ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने त्याला क्वीन्सटाउन हे नाव मिळाले. १९५६ मध्ये चौदा मजली फॉरफार हाउस उभे राहिले, तेव्हा ती बेटावरची सर्वांत उंच निवासी इमारत होती. फेब्रुवारी १९६० मध्ये ट्रस्टची जागा गृहनिर्माण मंडळाने घेतली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टर्लिंग रोडवरच्या ४५, ४८ आणि ४९ क्रमांकाच्या इमारती पूर्ण झाल्या. मंडळाने पूर्ण केलेल्या या पहिल्या इमारती. १९६६ च्या भूसंपादन कायद्याने उरलेसुरले प्रश्न मिटवले. १९६० मध्ये बेटावरची साधारण ४४ टक्के जमीन सरकारची होती, १९८५ पर्यंत ती ७६ टक्क्यांवर गेली. शेतकरी फ्लॅटमध्ये राहायला गेला. मळ्याची राखण करण्याचा प्रश्न मळ्याबरोबरच संपला.

पाखरे मात्र गेली नाहीत, त्यांची जात बदलली. शहरी कबुतर मुळात खडकाच्या कपारीत घरटे करणारे. त्याला झाडाची फांदी फारशी मानवत नाही, पण दहा मजली इमारतीच्या खिडकीवरची पट्टी, वातानुकूलन यंत्रामागची फट, पाण्याच्या नळांची खाच या कपारीच आहेत. इमारतीखालच्या मोकळ्या तळमजल्यावर सावली आणि शेजारच्या खाद्यबाजारात भाताची शिते. मेई लिंग, टँगलिन हॉल्ट, कॉमनवेल्थ क्रेसेंट इथल्या बाजारांत टेबलावर अर्धवट टाकलेल्या ताटलीवर कबुतर आणि साळुंकी एकदमच उतरतात. बोह बेह कांगमध्ये कबुतराला जो दाणा मिळत नव्हता तो क्वीन्सटाउनने पुरवला.

कायद्याने या कबुतराला वाऱ्यावर सोडले होते. १९६५ च्या वन्य प्राणी व पक्षी कायद्यात परवान्याशिवाय कोणताही रानपक्षी मारणे गुन्हा ठरवले आणि परिशिष्टात सहा अपवाद दिले : कावळा, शहरी कबुतर, दोन जातींच्या साळुंक्या आणि दोन जातींच्या मैना. या सहांना मारायला वन्यजीव खात्याचा कागद नको होता. भारतातही कबुतराचे असेच झाले. १९१२ च्या हिंदुस्थानी कायद्यात संरक्षित पाखरांच्या यादीत कबुतरे होती, पण मालमत्तेच्या प्रामाणिक रक्षणासाठी पाखरू मारले तर तो कायदाच लागू नव्हता. उभे पीक ही मालमत्ताच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बाकीच्या कबुतरांना चौथ्या अनुसूचीत घेतले आणि निळ्या कबुतराला, म्हणजे आपल्या घरावर घुमणाऱ्या पारव्याला, नाव घेऊन वगळले. सिंगापुरातला पेच असा की पाखराला संरक्षण नाही, पण ते मारायला लागणारी बंदूक सर्वसामान्याला मिळणे जवळपास अशक्य. १९७३ च्या शस्त्रगुन्हे कायद्याने तर गुन्ह्यात बंदूक चालवणाऱ्याला फाशीच सांगितली. यादीत मोकळीक आणि हातात काहीच नाही, अशी ही स्थिती होती.

बंदूक अखेर चालली ती कावळ्यांवर, आणि ती सरकारने चालवली. कावळा या बेटाचा नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी तो सिलोनहून मलायातील क्लांग येथे आणला गेला, कॉफीच्या मळ्यातल्या अळ्या खाव्यात म्हणून. पीक राखण्यासाठी आणलेले पाखरू पुढे स्वतःच उपद्रव झाले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस तो सिंगापुरात नोंदला गेला आणि कचरा, बाजार आणि उंच झाडे यांच्या जोरावर शतकाच्या अखेरीपर्यंत त्याची संख्या लाखाच्या पुढे गेली. १९७० च्या दशकापासून सरकारी खात्यांनी सिंगापूर गन क्लबच्या नेमबाजांना कावळे मारायला बोलावले.

ही शिकार इंग्लंडच्या शेतातल्या शिकारीच्या अगदी उलट होती. नेमबाज स्वतःहून येत नसे, खाते त्याला बोलावी. जागा तो निवडत नसे, तक्रार जिथून आली ती जागा. छऱ्याच्या बंदुका घेतलेले दोघे-चौघे इमारतींच्या मधल्या झाडांखाली उभे राहत, परिसराची नाकेबंदी होई, पोलिसांना आधी कळवलेले असे. बाल्कनीतून लोक बघत. कोणी टाळ्या वाजवी, कोणी मुलांचे डोळे झाकी. बार उडाला की कावळा पार्किंगमध्ये किंवा खेळाच्या मैदानाच्या कडेला पडे आणि खात्याचा माणूस तो पिशवीत भरून मोजून नेई. या सगळ्यात जिच्या खिडकीसमोर बार उडत होता त्या बाईची परवानगी कोणी घेत नसे, आणि तिची तक्रार हीच परवानगी मानली जाई. १९८८ च्या टाउन कौन्सिल कायद्यानंतर इमारतींच्या सामाईक जागा टाउन कौन्सिलांकडे गेल्या. क्वीन्सटाउनचा कारभार तंजोंग पगार टाउन कौन्सिलकडे आला. आता जमीनदाराच्या जागी कौन्सिल, कुळाच्या जागी रहिवासी आणि शिकाऱ्याच्या जागी कंत्राटदार अशी मांडणी झाली. शेतकऱ्याचे काम या तिघांत वाटले गेले.

खातीही बदलत राहिली. १९५९ चे प्राथमिक उत्पादन खाते शेती, मासेमारी आणि जनावरे पाही. २००० मध्ये त्याचे कृषी-अन्न व पशुवैद्यक प्राधिकरण झाले आणि १ एप्रिल २०१९ रोजी तेही मोडून अन्न एका संस्थेकडे आणि प्राणी राष्ट्रीय उद्यान मंडळाकडे गेले. शेतीखात्याच्या हातून पाखरे उद्यानखात्याकडे गेली, हा बदल कागदोपत्री किरकोळ दिसतो, पण पाखराकडे बघण्याची नजर त्यात बदलली.

२०२० साली दोन गोष्टी घडल्या. जूनच्या पहिल्या तारखेला जुना कायदा सुधारून वन्यजीव कायदा या नावाने अमलात आला. रानपाखरांना खायला घालणे हा त्याने गुन्हा केला. पहिल्या वेळी पाच हजार डॉलरपर्यंत दंड, पुन्हा केल्यास दहा हजार. आधीच्या कबुतरविषयक नियमांत दंडाची मर्यादा अवघी पाचशे होती. त्याच वर्षी हाउगांग भागात कावळे मारताना उडालेला छरा एका रहिवाशाला लागला. उद्यान मंडळाने गोळीबार थांबवला. त्यानंतर पिंजरे, घरटी काढणे आणि फांद्या छाटणे यांवर भर आला. दाट वस्तीत छऱ्याची बंदूक चालवणे जवळजवळ अर्धे शतक टिकले, हेच खरे तर नवल.

कबुतरांवर बंदूक चालवण्याची वेळ सहसा आली नाही, कारण ती जमिनीवर उतरून खातात आणि माणसांच्या पायात घुटमळतात. त्यांच्यासाठी वर्षानुवर्षे अल्फाक्लोरालोज हे गुंगी आणणारे रसायन लावलेला दाणा वापरला गेला. पाखरू झिंगून पडते, मग ते उचलायचे. पडलेली, फडफडणारी कबुतरे पाहून लोक चिडत आणि वर्तमानपत्रांकडे जात. ज्यांनी कबुतरांच्या घाणीची तक्रार केली, त्यांपैकीच काही या तक्रारीतही असत. मुंबईला हे अनोळखी नाही. दादरचा कबुतरखाना २०२५ मध्ये महापालिकेने ताडपत्रीने झाकला तेव्हा रस्त्यावर एका बाजूला श्वसनरोगाचे दाखले आणि दुसऱ्या बाजूला जीवदया, अशी जुंपली होती. क्वीन्सटाउनमध्ये जीवदया इतकी संघटित नाही. तिथे पहाटे पिशवीतून पाव कुस्करून टाकणारे एकटेदुकटे म्हातारे असतात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारे कॅमेरे.

दाणा तोडल्याशिवाय पाखरू हटत नाही हे गोफण फिरवणाऱ्यालाही ठाऊक होते, पण त्याला स्वतःचे पीक काढून टाकता येत नव्हते. शहराला ते जमते. १ सप्टेंबर २०२१ पासून सिंगापूरच्या खाद्यबाजारांत जेवून झाल्यावर ताट स्वतः परत ठेवणे सक्तीचे झाले. कारणांत स्वच्छतेबरोबर पाखरांचा उपद्रवही होता. छताच्या तुळयांवर खिळ्यांच्या पट्ट्या आणि जाळ्या लागल्या. उद्यान मंडळ, पर्यावरण संस्था, अन्न संस्था आणि टाउन कौन्सिले यांनी मिळून कबुतरे पकडणे, खाऊ घालणाऱ्यांना दंड आणि कचऱ्याची व्यवस्था असे तीनही मार्ग एकत्र चालवायला सुरुवात केली.

शेतीही थोडी परत आली आहे. क्वीन्सटाउनचा जुना रिमांड तुरुंग जालान पेंजारा या रस्त्यावर होता. त्याच्या मोकळ्या झालेल्या आवारात एडिबल गार्डन सिटी या संस्थेने २०१७ च्या सुमारास सिटिझन फार्म नावाचे शेत उभे केले. पालेभाज्या, सुगंधी पाने, अळिंबी असा माल हॉटेलांना पुरवण्यासाठी तिथे पिकवला जाऊ लागला. बेटावर इतरत्र पार्किंगच्या इमारतींच्या गच्चीवर शेते आली, त्यांतले पहिले २०१९ मध्ये अँग मो किओत. तिथली पिके बहुधा बंद खोल्यांत, मांडवाखाली किंवा उभ्या नळ्यांत वाढतात. पाखराला शिरायला वाट नसते. जमीन सरकारची, ती ठरावीक मुदतीने भाड्याने घेतलेली, आणि पीक राखण्याचा परवाना मागायला शेतकऱ्याला कोणाकडे जावे लागत नाही, कारण त्याच्या शेतात कबुतर येतच नाही.